पॅनेलवरच्या नंबरावर जाऊ नका

जुन्या मिनीकॉम्प्युटरच्या, म्हणजे रॅकमध्ये बसणाऱ्या लहान कॉम्प्युटरच्या, पुढच्या पॅनेलवर जो मॉडेल नंबर छापलेला असतो ना, तो वाचा, वहीत लिहा आणि मशीन उघडेपर्यंत त्याच्यावर अजिबात विसंबू नका. पॅनेल म्हणजे शेवटी थोडे स्क्रू आणि एखाददुसरी केबल, आणि दिवे-स्विचवाली पॅनेल दिसायला इतकी देखणी असतात की लोकांनी ती एका मशीनची काढून दुसरीवर लावलीत, नुसती भिंतीवरही टांगलीत. मशीन खरी कोणती ते आतले बोर्ड सांगतात.

हे सगळं आत्ता लिहितोय कारण सध्या शनिवार-रविवार माझा त्यातच जातोय. मी बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो, मेनार्ड इथून जवळ. १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे आपलं डेक, तिथल्याच लोकरीच्या जुन्या गिरणीत सुरू झालं, त्यामुळे या भागात रिटायर्ड इंजिनिअरांच्या तळघरात आणि गोठ्यांत अजून बरंच काही पडलेलं आहे. असेच एक गृहस्थ गेले, त्यांच्या मुलीला एवढंच हवं होतं की बाबांनी आयुष्यभर जमवलेलं हे नेमकं आहे तरी काय याची एक नीट यादी कोणीतरी करून द्यावी, कारण भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला होता. त्या लोकांना हवं असतं बोर्डांच्या कडेचं सोनं, ती सोनेरी पट्टी कापली की बोर्ड कायमचा गेला. म्हणून म्हटलं आधी यादी, बाकी सगळं नंतर.

पहिलाच रॅक. पॅनेल डेकच्या पीडीपी-११/४० मॉडेलचं, तो जांभळा-गुलाबी रंग लांबूनच ओळखू येतो. ११/४० असेल तर आत एम७२३१ ते एम७२३५ हे पाच बोर्ड दिसायला हवेत, तो त्याचा प्रोसेसर. उघडून बघतो तर एम८२६५ आणि एम८२६६, म्हणजे ही ११/३४ए! पॅनेलची केबल कुठेच जोडलेली नव्हती. ११/३४ च्या स्वतःच्या पॅनेलवर दिव्यांची ओळ नसते, बहुतेक म्हणून कोणीतरी हौसेने हे वर चढवलं असणार. आणि याच्या उलटही असतं, ११/०५ आणि ११/१० किंवा ११/३५ आणि ११/४० या जोड्या आतून एकच, फक्त दुसऱ्या कंपन्यांना विकायचं असेल तर एक नंबर आणि थेट गिऱ्हाइकाला विकायचं असेल तर दुसरा.

डेकच्या बोर्डांचं मला फार आवडतं ते म्हणजे त्यांच्या कडेचे प्लॅस्टिकचे हँडल. एम सिरीजचे मॅजेंटा, जी सिरीजचे हिरवे, जुन्या आर सिरीजचे लाल, डब्ल्यूचे पांढरे, बीचे निळे. इंग्रजी अक्षर आणि रंग जुळवलेलाच आहे, त्यामुळे टॉर्च मारली की नंबर वाचायच्या आधीच अंदाज येतो की हा लॉजिकचा बोर्ड आहे की मेमरीला करंट देणारा वगैरे. मग चिपवरचे डेट कोड. ७२४३ असेल तर १९७२ सालचा ४३ वा आठवडा. बोर्डावरचा सगळ्यात नवा कोड बघायचा, दुरुस्ती झाली नसेल तर बोर्ड त्याच्या आधीचा असू शकत नाही, पण सगळ्या चिपा ७२ च्या आणि एकच ७९ ची असेल तर तिथे दुरुस्ती झालीय. इथे एक गोची आहे, त्या काळच्या टीटीएल, म्हणजे साध्या लॉजिकच्या, चिपांचे नंबरही ७४ नेच सुरू होतात, ७४०४, ७४२० असे, आणि १९७४ मध्ये बनलेल्या चिपेवर कुठला नंबर भागाचा आणि कुठला तारखेचा हे नीट बघूनच ठरवावं लागतं.

कोपऱ्यात एक डेटा जनरलची नोव्हा १२०० पण निघाली. डेकच्या पीडीपी-८ च्या कामात महत्त्वाचा वाटा असलेले एडसन डी कॅस्ट्रो १९६८ मध्ये डेक सोडून गेले आणि त्यांनी ही कंपनी काढली, पहिली नोव्हा १९६९ ची. १५ इंची चौकोनी प्रचंड बोर्ड, आणि १६ बिटचं गणित एकाच ७४१८१ चिपकडून चार-चार बिट करत करून घेतलेलं. तिची पाळी नंतर.

जीव जडलाय तो पीडीपी-८/ई वर. पहिला पीडीपी-८ १९६५ चा, किंमत १८,००० डॉलर, आणि एवढा स्वस्त कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा लोकांचा विश्वास बसत नव्हता, एकेका लॅबला स्वतःचा कॉम्प्युटर घेता यायला लागला. ८/ई १९७० चा. १२ बिट, मूळ सूचना फक्त आठ, आणि ऑम्निबस नावाची बस (सगळ्या बोर्डांना जोडणाऱ्या सामायिक तारा), म्हणजे एका रांगेत सगळे स्लॉट आणि जवळपास कुठलाही बोर्ड कुठेही लावा.

पण "कुठेही" म्हणून बोर्ड उपसायला सुरुवात करायची नाही! आधी प्रत्येक स्लॉटचा फोटो, कुठला बोर्ड कुठे, केबल कुठून कुठे, डायमो पट्टीवर (चिकटवलेल्या नावाच्या प्लॅस्टिक पट्टीवर) काय लिहिलंय, सगळं वहीत. एम८३००, एम८३१०, एम८३३० हा प्रोसेसर, पहिल्या दोघांना वरून जोडणारे एच८५१ कनेक्टर जागेवर आहेत ना ते बघा कारण ते हमखास हरवलेले असतात, मग एम८४९ चा पत्रा, म्हणजे विद्युत गडबड अडवणारा पडदा, त्यापलीकडे मेमरीचे जी१०४, एच२२०, जी२२७. आणि अगदी शेवटी एक बोर्ड ज्याच्यावर डेकचा नंबरच नाही, हाताने वायर-रॅप केलेला, म्हणजे पिनांना तारा गुंडाळून जोडलेला, मागून एक जाड केबल बाहेर आलेली, पट्टीवर फक्त दोन अक्षरं. कुठल्या तरी लॅबमधल्या उपकरणाचा इंटरफेस. एका जाणकाराने सल्ला दिला की तो काढून टाका, मशीन कॅटलॉगप्रमाणे दिसेल. मला हे अजिबात पटत नाही. कॅटलॉगप्रमाणे असलेली ८/ई म्युझियममध्ये मिळेल, पण कोणी तरी कामासाठी रात्री जागून बनवलेला हा बोर्ड जगात एकच आहे, आणि ही मशीन नेमकं काय करत होती याचा पुरावा तोच आहे. तो पिशवीत घालून, स्लॉटचा नंबर लिहून ठेवलाय, मशीन चालली की परत तिथेच जाणार.

मग पॉवर सप्लाय. एवढ्या वर्षांनी प्लग लावून खटका दाबणं हे सगळ्यात वाईट. टीटीएलला ५ व्होल्ट लागतात, ७ च्या वर गेलं की चिपा मरायला लागतात, आणि रेग्युलेटर बिघडला असेल तर एका सेकंदात अख्खा प्रोसेसर जाईल. म्हणून सगळे बोर्ड बाहेर, मोठे कपॅसिटर सोडवून हळूहळू व्होल्टेज वाढवत रिफॉर्म केले, ज्यांचा लीकेज करंट उतरेना ते बदलले, मग व्हेरिअकवर (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) बोर्डांऐवजी डमी लोड लावून अधिक ५, अधिक १५, उणे १५ मोजले आणि तासन् तास तसंच चालू ठेवलं. कंटाळवाणं काम आहे पण पर्याय नाही. फोमचा तर भुगा झालेला असतोच, चिकट काळा, तो सगळा काढावा लागतो नाहीतर पंख्यातून बोर्डांवर जातो. गोठा म्हटल्यावर उंदीर आलेच, त्यांच्या मुतामुळे दोन बोर्डांवरच्या चिपांचे पाय हिरवे पडले होते, ते कोमट पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले.

मेमरीचा एच२२० मात्र पाण्याजवळ न्यायचा नाही. त्यात ४,०९६ शब्द, प्रत्येकी १२ बिट, म्हणजे ४९,१५२ फेराइटच्या इवल्याशा रिंगा केसासारख्या तारांत ओवलेल्या आहेत. एक तार तुटली तर दुरुस्त करणं जवळपास अशक्य, म्हणून आधी ६४ एक्स आणि ६४ वाय लाइनींचा रेझिस्टन्स मोजला. सगळ्या जिवंत! आणि या रिंगांच्या, म्हणजे कोअर मेमरीची कमाल म्हणजे वीज गेली तरी आतलं जात नाही. म्हणून पहिल्यांदा मशीन चालू झाली की काही लिहायचं नाही, आधी वाचायचं. पॅनेलवरचे स्विच: लोड ॲड्रेस, एक्झॅम, एक्झॅम, एक्झॅम, आणि आकडे ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायावर, वहीत. बरेचसे शब्द शून्य निघाले पण मेमरीच्या काही भागांत खरंखुरं प्रोग्रामसारखं काहीतरी आहे, त्या वायर-रॅप बोर्डाशी बोलणाऱ्या सूचना त्यात सापडतील अशी मला फार आशा आहे.

फक्त वाचलेल्या आकड्यांत एक बिट कायम १ येत होता. ऑम्निबसवर डेटाच्या लाइनी खाली ओढल्या की १ होतात, त्यामुळे एखाद्या बोर्डाचा ड्रायव्हर शॉर्ट होऊन लाइन धरून बसला की असंच दिसणार. प्रोसेसर आणि मेमरी ठेवून बाकीचे बोर्ड एकेक करून काढत गेलो, एम८६५० म्हणजे टेलीटाइपचं सिरियल कार्ड काढलं आणि बिट सुटला. एक चिप बदलली, झालं. मग सगळी मेमरी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

ते संपल्यावर मेमरीच्या २०० व्या जागेपासून (ऑक्टलमध्ये) चार शब्द भरले: २३००, ५२००, ७००१, ५२००. पहिले दोन ३०० व्या जागेवर ४,०९६ पर्यंत मोजत वेळ काढतात, तिसरा ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे बेरजेच्या रजिस्टरमध्ये, एक मिळवतो, चौथा परत वर. नॉब एसीवर, म्हणजे ॲक्युम्युलेटर दाखवण्यावर, फिरवली, क्लिअर, कंटिन्यू. दिवे मोजायला लागले. उजवीकडचे नुसते थरथरतात, डावीकडे जाल तसे संथ, आणि सगळी बारा बिटं फिरून यायला साधारण एक मिनिट लागतं, ते ३.८ मायक्रोसेकंदाच्या लूपवरून कागदावर काढलेल्या हिशोबाशी बरोब्बर जुळलं. त्या गृहस्थांची मुलगी शेजारी उभी होती, म्हणाली बाबांनी ही चालू केलेली मी लहानपणी पाहिलीय, आणि मग तिने स्वतः हॉल्ट दाबून परत चालू केलं, खूप वेळा.

आता आरके०५ डिस्क ड्राइव्ह. अडीच मेगाबाइट, १४ इंची कार्ट्रिज. डिस्क वाचणारं हेड मागे घ्यायला आत निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असतात, त्या गळल्यात, आणि फिल्टर बदलल्याशिवाय हेड खाली सोडणार नाही, कारण धुळीचा एक कण डिस्क खरवडू शकतो. डिस्कवर काय आहे ते तोवर कळणार नाही.

एक विनंती. आपल्याकडे हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने टीडीसी-१२ कॉम्प्युटर बनवला होता, तोही १२ बिटचाच, नंतर १६ बिटचा टीडीसी-३१६. तुमच्या घरात कोणी तिथे किंवा अशा मशीनवर काम केलेलं असेल आणि माळ्यावर बोर्ड, मॅन्युअल, कागदी टेपची रिळं, अगदी फाटक्या सर्किटच्या नकाशांची गुंडाळी असली तरी रद्दीत देऊ नका. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा, नंबर आणि डेट कोड वाचता येतील असा फोटो पाठवा, ओळख पटवायला मी बसतो.