कशावरून रं?

‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहा, असं स्मरणिकेच्या मंडळींनी कळवलं. संस्कार, शिस्त यांवर इतर जण लिहितीलच. मी तिसरी-चौथीच्या गणिताच्या तासाबद्दल लिहितो, आणि त्यातही आमच्या गुर्जींच्या एका सवयीबद्दल. फळ्यावर आकड्यांची मालिका लिहायची, पुढचा आकडा विचारायचा आणि उत्तर बरोबर असो की चूक, लगेच म्हणायचं, “कशावरून रं?”

एकदा त्यांनी १, २, ४ एवढंच लिहिलं. अर्धा वर्ग ओरडला, आठ! दरवेळी दुप्पट होतंय की. मागं बसलेली एक मुलगी म्हणाली, सात. आम्ही खिदळलो. गुर्जी हसले नाहीत. “कशावरून गं बाई?” तर तिचं म्हणणं असं, की आधी एक वाढला, मग दोन वाढले, आता तीन वाढणार. गुर्जींनी दोन्ही मालिका फळ्यावर पुढे नेल्या. एकीकडे ८, १६, ३२. दुसरीकडे ७, ११, १६. दोन्हींखाली बरोबरची खूण. सोळा दोन्हीकडे आला, पण एकीत पाचवा आणि दुसरीत सहावा, हे आमच्यापैकी कुणीतरी हेरलं आणि तो तास त्यातच संपला.

स्कॉलरशिपच्या पेपरात (तेव्हा ती परीक्षा चौथी-सातवीला होती, मधली काही वर्षं पाचवी-आठवीला होती) मात्र उत्तर एकच चालतं. त्यावर गुर्जींचा तोडगा साधा होता. पेपरात सगळ्यात सोपा नियम धरायचा. वर्गात कुठलाही धरा, फक्त तो सांगता आला पाहिजे. हल्ली शिकवण्यांमधून संख्यामालिकांच्या ‘ट्रिका’ पाठ करून घेतात ते पाहिलं की मला ही गोष्ट हटकून आठवते. पाठांतराला गुर्जींचा विरोध होता असं मात्र कुणी समजू नये. तीसपर्यंत पाढे न आलेल्याला सुट्टीत खेळायला मिळत नसे.

आम्ही बहुतेक सगळी शेतकऱ्यांची लेकरं. तिफण एका फेरीत तीन ओळी पाडते, त्यामुळे तिनाचा पाढा बांधावरच कानावर पडलेला. एकदा गुर्जींनी शाळेमागच्या रानाकडे बोट केलं. चार ओळी सोयाबीनच्या, दोन तुरीच्या, पुन्हा चार सोयाबीनच्या, असा पेरा. “सत्तेचाळिसावी ओळ कशाची?” आम्ही बोटांवर मोजायला लागलो. ते म्हणाले, “मोजू नका. परत परत येणारा तुकडा केवढा हाय ते बघा.” तुकडा सहा ओळींचा. सहा सत्ते बेचाळीस गेले, उरले पाच, आणि तुकड्यातली पाचवी ओळ तुरीची. भागाकारातली बाकी उत्तराखाली लिहून सोडून देण्यापलीकडे कशाच्या कामी येते, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की कॅलेंडरचा खेळ ठरलेला. १७ मध्ये धरून भोवतीचे आठ दिवस घ्या: ९, १०, ११, १६, १८, २३, २४, २५. मधल्या सतरासह सगळ्यांची बेरीज १५३, म्हणजे सतरा नव्वे. दुसरा कुठलाही तीन बाय तीनचा चौकोन घ्या, बेरीज मधल्या आकड्याच्या नऊपटच. कशावरून? एका बाजूला जेवढं कमी, समोरच्या बाजूला तेवढंच जास्त.

आज मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. एवढ्या लहान लेकरांपुढे एकदम आकडे ठेवायचे नाहीत, हे माझं ठाम मत आहे. आधी टाळी-टाळी-चुटकी, मग चिंचोका-चिंचोका-खडा, मग पाटीवर चित्र, आणि त्यानंतर आकडे. लेकरानं पुढचा चिंचोका बरोबर ठेवला म्हणजे त्याला नक्षी कळलीच, असं नसतं. ‘परत परत येतो त्या तुकड्याभोवती खडूनं गोल कर’ म्हटलं की खरं काय ते दिसतं. खड्यांची नक्षी टाळी-चुटकीत वाजवून दाखवता आली, तर मग शंकाच नको.

चिंचोक्यांचा एक खेळ मी गुर्जींकडूनच उचलला. एक चिंचोका ठेवा. त्याच्या दोन बाजूंना काटकोनात तीन लावा, त्यांना लागून पाच, मग सात. दरवेळी नवा चौरस तयार: १, ४, ९, १६. विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की वर्गसंख्या मिळते, हे सूत्र माझ्या दुसरीतल्या पोरांना माहीत नाही, पण पुढचा चौरस करायला नऊ चिंचोके लागतील हे ती न मोजता सांगतात.

आणि शेवटी रांगोळी, ज्यात मुलींपुढे आमचा कधीच निभाव लागला नाही. गोलावर शून्य ते नऊ असे दहा ठिपके काढायचे. शून्यापासून सुरुवात करून पाढ्यातल्या फक्त एकक स्थानच्या अंकांना रेघेनं जोडत जायचं. दोनचा पाढा पंचकोन काढतो, चारचा पाच टोकांची चांदणी. तीनचा पाढा सगळ्या ठिपक्यांना शिवून दहा टोकांची चांदणी काढतो, आणि सातचा पाढा तीच चांदणी उलट्या दिशेनं. पाचचा पाढा बिचारा एकाच रेघेवर ये-जा करत राहतो.

सध्या शाळेत असणाऱ्या लेकरांसाठी एक काम. घड्याळासारखे बारा ठिपके घ्या आणि पाच-पाचच्या उड्या मारा, मग सात-सातच्या, मग चार-चारच्या. चित्रं कशी येतात ते मी सांगणार नाही. काढून बघा, आणि बाई किंवा सर ‘कशावरून?’ म्हणाले तर गप्प बसू नका.