अमळनेरच्या कपाशीत रानपिंगळा

सातपुड्यातल्या पक्ष्यांच्या जुन्या-नव्या नोंदी एका माहितीसंचात लावायचं काम मी जळगावला बसून करते. संग्रहालयांच्या याद्या, पक्षिमित्रांच्या वह्या, जीबीआयएफ या जागतिक जीवनोंदींच्या खुल्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइली, सगळं माझ्याकडे येतं. त्या दिवशी रानपिंगळ्याची, म्हणजे जंगलात राहणाऱ्या एका दुर्मिळ छोट्या घुबडाची, पाळी होती. पाहणीला निघालेल्या गटाला संध्याकाळपर्यंत नकाशा हवा होता.

नकाशा उघडला, तर एक ठिपका अमळनेरजवळ, ऐन कपाशीच्या शेतात. माझ्यासोबत काम करणारा मुलगा तिथलाच. तो पटकन म्हणाला, "ताई, आठे कोठे शे जंगल?" इथे कुठलं आलंय जंगल? खरंच होतं. रानपिंगळा सागाच्या पानझडी जंगलात राहणारा.

माग काढायला बसलो. ही नोंद एका तक्त्यातून आलेली, तो तक्ता दुसऱ्या संचातून उचललेला, तो तिसऱ्यातून, आणि दर पायरीला एखादा रकाना गळालेला. शेवटी एका जुन्या यादीतली ओळ सापडली. एकोणिसाव्या शतकातला नमुना, म्हणजे भरून जपलेला मृत पक्षी, गोळा करणारे जेम्स डेव्हिडसन, ठिकाण ‘खानदेश’. बस्स, एवढंच. १९०६ पर्यंत जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून खानदेश हा एकच जिल्हा होता. कुणीतरी संगणकाला त्याची जागा विचारली आणि त्यानं मध्यबिंदू काढून दिला, दशांशाच्या पाच घरांपर्यंत! जीवनोंदी लिहायच्या ‘डार्विन कोअर’ या ठरलेल्या मांडणीत स्थानाची अनिश्चितता मीटरमध्ये लिहायला रकाना आहे. तो रिकामा होता. आम्ही तिथे दीड लाख लिहिलं, म्हणजे दीडशे किलोमीटर.

१९९७ ची नोंद दोनदा दिसत होती, एकदा धुळ्यात, एकदा नंदुरबारात. ही गाठ लगेच सुटली. त्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांना शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा सापडला, १८८४ नंतर ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. मूळ शब्द एका रकान्यात, आजचा जिल्हा दुसऱ्यात, आणि नोंद एकच ठेवली.

खरी अडचण पुढे होती. गुजरातेतलं तापीकाठचं मांडवी, साल १९१४, संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहॅगन, ब्रिटिश लष्करी अधिकारी. शेऱ्याच्या जागी काहीच नाही. या माणसानं ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचा खानदेशातला रानपिंगळा चोरला, पुन्हा भरला आणि स्वतःची चिठ्ठी लावली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी नमुन्याचे एक्स-रे काढून, आत राहिलेल्या डेव्हिडसनच्या भरण्याच्या खुणा शोधून १९९९ मध्ये ही लबाडी छापून उघड केली. रासमुसेन यांना ती आधीच कळली होती. मांडवी बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धुंडाळली, म्हणून तर १९९७ मध्ये त्या शहाद्यापर्यंत पोचल्या होत्या. आणि एवढं होऊनही ती चिठ्ठी माझ्या पडद्यावर साळसूदपणे बसलेली.

मुलगा म्हणाला, "ताई, आता तर डांगच्या जंगलात खरोखर दिसतो तो. मांडवी काही लांब नाही. राहू दे ना." प्रश्न रास्त होता, त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. पण डांगमध्ये आज पक्षी दिसला म्हणून १९१४ ची चोरी खरी ठरत नाही. उद्या कुणी शंभर वर्षांत या पक्ष्याचा प्रदेश किती आक्रसला ते मोजायला बसेल, आणि मांडवीचा ठिपका त्याचं गणित फिरवेल. शिवाय खानदेशातली एक खरी नोंद तेवढी कमी होईल.

मग पुसून टाकायची? तेही नको. पुसली, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या फाइलीतून तीच परत येईल आणि ती का काढली होती हे सांगणारं कुणी नसेल. ओळ ठेवली, नकाशातून वगळली. शेऱ्यात लबाडी, ती उघड करणाऱ्यांची नावं आणि साल लिहिलं. आमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक बदलापुढे तारीख आणि कुणी केला ते नाव घातलं. माझा या रकान्यांवर जीव आहे. पक्ष्याचं नाव कुणीही भरू शकतं.

नकाशा रात्री उशिरा गेला. पाहणीच्या वाटेवरून अमळनेर निघालं, शहादा-तळोद्याकडचे दिवस वाढले. एका नोंदीचा उगम अजून लागलेला नाही. तिच्यापुढे तसं लिहिलंय आणि नमुना क्रमांकासाठी संग्रहालयाला पत्र टाकलंय.