एपिरिटा : ऑक्टाव्हल दिसले एकदाचे!

दिसले मंडळी! आणि पतंग जिवंत असताना दिसले. (एपिरिटा म्हणजे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या निशाचर पतंगांचा गट. ऑक्टाव्हल म्हणजे नराच्या पोटाखाली आठव्या खंडाच्या कडेवर असणारी दोन टोकं, त्यांच्यातल्या अंतरावरून जात ओळखायची.)

इंग्लंडमधल्या चिल्टर्न्स टेकड्यांवरच्या बीच झाडांच्या रानाला लागून आमचं परसदार. ऑक्टोबर लागला की पतंगांसाठी लावलेल्या दिव्याच्या ट्रॅपमधल्या अंड्यांच्या रिकाम्या ट्रेवर करड्या एपिरिटांची रीघ लागते, हे मागे लिहिलंच आहे. जाणकारांना फोटो पाठवले की ठरलेलं उत्तर येतं: 'ॲग.', म्हणजे ॲग्रिगेट, नेमकी जात न ठरवता नुसता गट. बरोबरच आहे ते. ऑटमनाटा या जातीच्या पंखावरचा काळा ठिपका बाहेरच्या रेघेपासून सुटा, डायल्युटाटाचा तिला टेकलेला किंवा गायबच, हे पुस्तकात ठीक. झिजलेल्या पंखावर ठिपकाच सापडत नाही, तिथे रेघ कुठली! आणि क्रिस्टाय ही तिसरी जात दोघांच्या अधेमधे. फिलिग्रॅमारिया उत्तरेकडच्या माळांवरचा, तेवढीच सुटका.

म्हणून ओळखीसाठी नराचं पोट पाहायचं. आधी फ्रिजमध्ये गार करायचा. मग पोटाच्या टोकाखालचे खवले कोरड्या, अगदी बारीक ब्रशने झाडायचे. इथेच घोडं अडत होतं: दोन फटकारे मारेपर्यंत गडी जागा होऊन फडफडायचा. आता ब्रश झाला की लगेच पारदर्शक डबीत उताणा, वरून मऊ स्पंज, हलका दाब, आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने. तिरप्या उजेडात आठव्या खंडाच्या कडेवर दोन टोकं उभी राहिली, चांगली ऐसपैस अंतरावर. डायल्युटाटा! त्यानंतरच्या नराची टोकं बरीच जवळ होती. तो बहुधा क्रिस्टाय, फोटो पाठवलाय. दोघेही काळोख पडल्यावर उडून गेले. (भिंग दहापट किंवा वीसपट चांगल्या काचेचं घ्या. 'चाळीसपट' छापलेली स्वस्त भिंगं म्हणजे धुकं विकत घेणं.) माद्या मात्र विच्छेदनाशिवाय कळत नाहीत आणि ते मला करायचं नाही, त्या ॲगच राहतील.

पुढचा बेत बीच आणि ओकच्या खोडांवर रात्री टॉर्च मारून नर वेगवेगळे तपासण्याचा होता. क्रिस्टायला बीच जास्त मानवतो म्हणतात, ते पाहायचं होतं. पण लिहिता लिहिताच वाटतंय, खोडावर बसलेला पतंग त्याच झाडावर वाढला कशावरून? अंडी हिवाळाभर फांद्यांवर असतात, कळ्या फुटताना अळ्या निघतात आणि पालवी कोवळी आहे तोवर खाऊन घेतात. म्हणजे खरा पुरावा मे महिन्यातला: फांदीखाली उलटी छत्री धरून काठीने झोडपायचं, बीचच्या अळ्या एका डब्यात, ओकच्या दुसऱ्यात. अळ्यांवरून जात ठरवणं अवघड, तेव्हा नर निघेपर्यंत पाळायच्या.

ऑटमनाटा इथे मिळाला तर चैनच. उत्तर फिनलंडमध्ये १९६५-६६ साली याच्याच अळ्यांनी बर्चची रानंच्या रानं मारली. तिथे कडाक्याच्या थंडीत उणे ३५ अंशांच्या आसपास अंडी मरतात, म्हणून गारठा साचणाऱ्या दरीतली झाडं पुष्कळदा वाचतात आणि उतारावरची बोडकी होतात.

अडचण कोशांची. जूनपासून शरदापर्यंत ते मातीत पडून राहणार. सुकले तर मेले, फार ओल झाली तर बुरशी. कुणी पाळले असतील तर कुंडीत नुसती माती भरता की वर शेवाळ पसरता, आणि पाणी किती दिवसांनी शिंपडता, तेवढं कळवा.