पॉइंट आल्फा: न झालेल्या लढाईचं ठाणं

फ्रँकफुर्टहून जलद गाडीने फुल्डा तासाभरावर आहे. बहुतेक पर्यटक संत बोनिफेसची कबर असलेलं कॅथेड्रल बघून परततात. शीतयुद्धाची थोडीफार जरी आवड असेल, तर अख्खा दिवस हाताशी ठेवा आणि पुढे ऱ्होनच्या डोंगरात जा. हेसेमधलं रास्डॉर्फ आणि थुरिंगियामधलं गायझा यांच्यामध्ये, पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या जुन्या सीमेवर, अमेरिकन फौजेचं पॉइंट आल्फा हे ठाणं जपून ठेवलंय. बसच्या भरवशावर निघू नका, सुट्टीच्या दिवशी तर अजिबात नाही. दोघं-तिघं असाल तर सरळ गाडी भाड्याने घ्या.

इथे पहारा होता तो अमेरिकेच्या ११व्या आर्मर्ड कॅव्हलरी (चिलखती) रेजिमेंटचा, म्हणजे 'ब्लॅकहॉर्स'चा. व्हिएतनाममधून निघालेल्या या रेजिमेंटने १९७२ मध्ये १४व्या रेजिमेंटकडून ही सीमा ताब्यात घेतली. जागा एवढी मोक्याची का, ते नकाशावर लगेच कळतं. फोगेल्सबर्गच्या डोंगराच्या दोन्ही अंगांनी रणगाडे जातील असा सखल पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला, शंभरेक किलोमीटरवर, फ्रँकफुर्ट. वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या, फौजा आल्या तर याच वाटेने येतील, असा नाटोचा हिशेब होता. समोर सोव्हिएत आठवी गार्ड्स आर्मी. ब्लॅकहॉर्सने आधी खबर द्यायची, मग मागची मोठी अमेरिकन फौज, म्हणजे पाचवी कोअर, मोर्चे धरेपर्यंत रेटा झेलत मागे सरकायचं. जिंकणं त्यांच्या वाट्याला नव्हतंच.

ठाण्यावर एरवी चाळीसेक जवान, तणाव वाढला की दोनशेपर्यंत. तुकड्या आळीपाळीने यायच्या. 'लॅरिएट ॲडव्हान्स' असा इशारा आला की फुल्ड्यातल्या बराकी रात्री-अपरात्री रिकाम्या करून निघायचं. सराव आहे की खरंच काही पेटलंय, हे आधी कळायचं नाही. नेमणूक शांततेच्या काळातली म्हणून अनेकांची बायकापोरं फुल्ड्यातच राहायची. आणि युद्ध झालंच असतं, तर पहिल्या तडाख्यात हेच गाव होतं! म्युझियममधल्या रणगाड्यांपेक्षा मला ही गोष्ट जास्त अस्वस्थ करून गेली.

माझा सल्ला: छावणीत आधी शिरू नका. पूर्वेकडच्या 'हाउस आउफ डेअर ग्रेन्झं' (सीमेवरचं घर) या म्युझियमपासून सुरुवात करा. पूर्व जर्मनीने आपल्याच लोकांना कसं कोंडलं होतं, ते तिथे नीट कळतं: पाच किलोमीटरचा निर्बंधित पट्टा, सुरुंग, कुंपणावरची आपोआप गोळ्या झाडणारी यंत्रं (ती १९८४ पर्यंत काढली). मग गस्तीच्या वाटेने चालत छावणीकडे या. वाट भोकं असलेल्या सिमेंटच्या लाद्यांची आहे, पाऊल सारखं अडकतं. चांगले बूट हवेतच. अमेरिकन मनोऱ्यावर चढलात की पूर्वेचा मनोरा हाकेच्या अंतरावर दिसतो. दोन्हीकडचे पहारेकरी वर्षानुवर्षं दुर्बिणीतून एकमेकांना न्याहाळत, फोटो काढत बसले होते.

वर वारा बोचरा असतो, मे महिन्यातही जॅकेट लागतं. हिवाळ्यात वेळा बदलतात, तेव्हा आधी चौकशी करा. खाणं सोबत ठेवा. पाय धड असतील तर सीमेलगतच्या 'वेग डेअर हॉफनुंग' (आशेची वाट) या वाटेवरची उलरिश बार्निकेलची चौदा लोखंडी शिल्पंही बघून घ्या.

बर्लिनची भिंत पडल्यावर रेजिमेंटमधले बरेच जण १९९१ मध्ये कुवेतला गेले. १९९४ मध्ये ती जर्मनीतून हलली आणि कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनला पुन्हा उभी राहिली. तिथे तिचं काम काय, तर सरावात अमेरिकन तुकड्यांसमोर शत्रू म्हणून उभं राहायचं!

परतताना या भागातल्या जुन्या रस्त्यांवर नजर ठेवा. मधोमध ओळीने तीन गोल झाकणं दिसली तर ती गटाराची असतीलच असं नाही. वेळ आली तर रस्ता उडवून द्यायला पश्चिम जर्मनीने स्फोटकांसाठी असे खड्डे आधीच करून ठेवले होते. बरेचसे आता बुजवलेत. पण फोटोसाठी वळणावर गाडी थांबवू नका, इथले ट्रकवाले सुसाट असतात.