हॉल भरलेला, कपाटं बंद

मी सोलापुरातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. कला, वाणिज्य, विज्ञान असं सगळं एकाच आवारात. नवीन शैक्षणिक धोरण आलं, विषय वाढले, बॅचेस वाढल्या आणि खोल्या पुरेनाशा झाल्या. मग महाविद्यालय विकास समितीपुढे प्रस्ताव आला, की लायब्ररीचा निम्मा हॉल पार्टिशन घालून कॉम्प्युटर लॅबला द्यावा. "हल्ली सगळं मोबाइलवर मिळतंय की, मॅडम," हे तर मला येता-जाता ऐकवलं जायला लागलं.

माझ्या बाजूचा पुरावा म्हणजे दारावरचं रजिस्टर. त्यात रोज पानंच्या पानं सह्या. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषात लायब्ररीचा रोजचा वापर विचारतात, तेव्हाही आम्ही याच सह्या मोजून आकडा देतो. तो आकडा चांगला दिसला की पुढे कुणी खोलात जात नाही. रजिस्टर काखेत मारून मीटिंगला जायची तयारी चालली होती, तेवढ्यात आमचे शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, पुस्तकं कोन मागतंय ओ? समदी पंख्याखालची जागा मागत्यात."

खरंच होतं ते. देवघेवीचा हिशोब काढला तर सह्यांच्या मानाने बाहेर गेलेली पुस्तकं अगदीच किरकोळ निघाली. हॉल भरलेला असायचा तो एमपीएससी, पोलीस भरती, बँकिंगवाल्यांनी. पुस्तकं त्यांची स्वतःची, क्लासच्या नोट्स त्यांच्या, आमची फक्त खुर्ची, पंखा आणि थंड पाणी. सोलापूरचा एप्रिल-मे ज्यांनी काढलाय त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. यातली बरीचशी मुलं शहराच्या पूर्व भागातली किंवा कुंभारीच्या विडी घरकुलातली. घरात दोन खोल्या, एकीत विड्यांची सुपं, शेजारी लूमचा खडखडाट. ती अभ्यासाला कुठे बसणार? त्यांना उठवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण नुसत्या खुर्चीसाठी ग्रंथपाल कशाला लागतो, असं उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून समितीकडून मी एक वर्ष मागून घेतलं. प्राचार्य सर म्हणाले, "घ्या. पण वर्षाने मला सह्या दाखवू नका."

सुरुवात निर्लेखनापासून, म्हणजे निरुपयोगी पुस्तकं नोंदीतून काढून टाकण्यापासून केली. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक विकत घेणं सोपं आणि काढून टाकणं महाकठीण. दाखल नोंदवहीत एकदा नंबर पडला की ते पुस्तक ऑडिटच्या दृष्टीने अमर होतं. ते हरवलं तर जबाबदारी कुणावर येते हे ग्रंथालय परिचरांना चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे सगळे कपाटाला कुलूप लावून मोकळे. त्यात ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच नियमांतला पाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हा आमचे लोक काहीही न काढण्यासाठी वापरतात. वाढायचं म्हणजे नुसतं फुगायचं नाही, हे सांगायला दरवेळी वेगळी मीटिंग लागते.

कपाटं उघडली तेव्हा काय काय निघालं! 2004 मध्ये सोलापूर विद्यापीठ झालं, त्याआधी आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्या काळातल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं एकेका नावाच्या पंचवीस-तीस प्रतींनी उभी. विक्रीकराची जाडजूड पुस्तकं, जीएसटी येऊन इतकी वर्षं झाली तरी वाणिज्यच्या कपाटात मानाच्या जागेवर. डॉस शिकवणारी मॅन्युअल्स. प्रत्येक विभागाच्या एका प्राध्यापकाला समोर बसवून यादी केली, समितीचा ठराव घेतला, नोंदवहीत लाल शाईने शेरे मारले. एका सरांनी स्वतः न वाचलेली पुस्तकंसुद्धा "असू द्या, लागतील" म्हणून वाचवली. असू दिली. सगळ्याच लढाया लढत बसलं तर वर्ष तिथेच संपतं.

मात्र त्याच ढिगात असं काही सापडलं, की मी रद्दीवाल्याला थांबवून एकेक गठ्ठा स्वतः सोडला. गिरणी कामगारांच्या स्मरणिका, सूतगिरण्यांचे जुने वार्षिक अहवाल, 1930 च्या मार्शल लॉवरच्या पुस्तिका, चार हुतात्म्यांवरचे स्थानिक लेख. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली, हे इथल्या मुलांना शाळेपासून पाठ असतं. पण त्यावर चार पानं लिहायची वेळ आली की सगळे इंटरनेटवरचा एकच परिच्छेद उतरवतात. 1884 चं सोलापूरचं गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड, त्याची एक जीर्ण प्रतही मिळाली. मोबाइलवर सगळं मिळतं म्हणणाऱ्यांना दाखवण्यासारखी गोष्ट मला पहिल्यांदा मिळाली होती. काउंटरच्या शेजारचं एक कपाट रिकामं करून हे सगळं तिथे लावलं आणि त्यावर 'सोलापूर' अशी पाटी लावली.

आता हे सापडणार कसं? आमचं जुनं सॉफ्टवेअर एका पुरवठादाराचं. मराठी पुस्तकांची नावं त्यात युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. डेटा बाहेर काढला की 'शेतकऱ्याचा असूड' ऐवजी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. शिवाय आपलाच डेटा आपल्याला द्यायचे पैसे वेगळे. आम्ही कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी 1999 मध्ये सुरू झालेली ही प्रणाली मुक्त स्रोत आहे, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत. पैसे नसले तरी डोकेफोड भरपूर. सगळं बसवल्यावर कळलं की मराठी शब्द शोधला की तो सापडतच नाही, कारण शोधयंत्राची मूळ मांडणी रोमन लिपी धरून केलेली. आयसीयू (इथे दवाखान्यातलं नव्हे, युनिकोडचं) नावाची सेटिंग बदलावी लागते, तेव्हा ते देवनागरी नीट ओळखतं. कोहा बसवायच्या मागे असलेल्यांनी हे आधी करून घ्यावं, नाहीतर नोंदी करून झाल्यावर पुन्हा सगळं इंडेक्स करत बसायला लागतं. लेखकांच्या नावांचा घोळ वेगळाच. एकच लेखक आडनावाने, आद्याक्षरांनी आणि टोपणनावाने असा तीन ठिकाणी बसलेला.

सोलापूरचा खास प्रश्न भाषांचा. आमच्याकडे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू पुस्तकं आहेत. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्य 891.46 ला, उर्दू 891.439 ला, कन्नड 894.814 ला आणि तेलुगू 894.827 ला. क्रमांक देणं सोपं, पण देणाऱ्याला आधी पुस्तक वाचता आलं पाहिजे. कन्नड वाचणारे स्टाफमध्येच निघाले, उर्दूच्या मॅडम आहेत. तेलुगूचं मात्र अडलं. वर्गात घरी तेलुगू बोलणारी कितीतरी मुलं, पण शाळा मराठीतून झालेली, त्यामुळे लिपी एकालाही येईना. शेवटी बीएच्या एका मुलाने त्याच्या आजोबांना आणलं. आयुष्य मागावर गेलेला माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. मी खुर्ची दिली, तर म्हणाले, "उभ्यानेच बघतो, बसलं की नंबर लागत नाही चष्म्याचा." एकेक पुस्तक डोळ्याजवळ धरून नाव मोठ्याने वाचायचे, नातू वहीत देवनागरीत उतरवायचा. मध्येच एक पुस्तक छातीशी धरून थांबले. आम्ही ते वर्षानुवर्षं कवितेच्या कपाटात ठेवलं होतं. "ओ मॅडम, ही कविता नव्हे. हे मार्कंडेय पुराण आहे. हे असं खालच्या कप्प्यात ठेवतात होय?" पद्मशाली हा विणकर समाज मार्कंडेय ऋषींना आपले मूळपुरुष मानतो, हे सोलापुरात सांगायला नको. पुस्तक पुराणांच्या 294.5925 ला गेलं आणि वरच्या कप्प्यात गेलं.

ई-रिसोर्सेसचं थोडक्यात सांगते, कारण त्यात झगमगाट जास्त आणि वापर कमी. इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणारी योजना, आमच्याकडे आधीपासून होती. तेव्हा त्यात सहा हजारांहून जास्त नियतकालिकं होती, आणि कॉलेजला वर्षाची वर्गणी पाच हजार रुपये अधिक जीएसटी. एखाद्या परदेशी जर्नलच्या एका वर्षाच्या किमतीपुढे हे काहीच नाही. पण पासवर्ड मुलांच्या ईमेलवर जायचे आणि आमची मुलं ईमेल उघडतच नाहीत. मग प्रवेशाच्या वेळी, ओळखपत्र देतानाच, काउंटरवर त्यांच्या मोबाइलमध्ये लॉगिन करून द्यायला सुरुवात केली. देशभरच्या संस्थांसाठी एकत्र जर्नल्स घेणाऱ्या केंद्राच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेला नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा आमच्या प्राध्यापकांत मोठा उत्साह. तीन वर्षांना 6,000 कोटी, 30 प्रकाशक, 13,000 च्या आसपास जर्नल्स. पण योजना सुरू झाली ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी, आमचं कॉलेज खासगी शिक्षण संस्थेचं. पीएचडी करणाऱ्यांना मी सरळ सांगते, एसटी धरा आणि केगावला विद्यापीठात जा.

खरा फरक पडला तो फील्ड प्रोजेक्टमुळे. नव्या रचनेत दुसऱ्या वर्षाला फील्ड प्रोजेक्ट आला. त्याला श्रेयांक आहेत, म्हणजे टाळता येत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकाकडे ढिगाने मुलं. मी विभागप्रमुखांना म्हटलं, विषय ठरला की मुलाला आधी माझ्याकडे पाठवा. काउंटरशेजारी एक टेबल मांडलं.

एसवायबीकॉमची एक मुलगी आली, विषय टॉवेल कारखान्यांतल्या कामगार बायका. तिची स्वतःची आई शिलाईला जाते. हातात एआयने दिलेली संदर्भांची यादी, लेखक, वर्ष, पान क्रमांकासकट. "मॅडम, यातलं कुठलंही द्या, सगळी चालतील." मी एकेक शोधलं. एन-लिस्टवर नाही, पीएचडी प्रबंधांच्या शोधगंगेत नाही, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात नाही. एक जर्नल खरं होतं, पण सांगितलेल्या अंकात तो लेखच नव्हता. तिला स्क्रीनवर तो अंक उघडून अनुक्रमणिका दाखवली. ती बराच वेळ खालीवर बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे खोटं बोललं होय ते?" व्याख्यानाने जे कळलं नसतं ते तिथे कळलं. मग तिला जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन काढून दिलं. शासनाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं हे प्रकाशन, दिसायला रटाळ, पण उद्योग, रोजगार, लोकसंख्या, तालुकावार सगळं त्यात असतं. त्याच्या जोडीला 'सोलापूर'च्या कपाटातली कामगारांची स्मरणिका. प्रश्नावली मात्र तिची तिनेच केली, आणि आमच्या कुणाच्या लक्षात आला नसता असा प्रश्न त्यात घातला: कारखान्यात बायकांसाठी संडास आहे का?

ती गेली ती दुसऱ्या दिवशी तीन मैत्रिणींना घेऊन आली. त्या सत्रात टेबलासमोर बाक टाकायला लागला. शिपाईमामा नंबर लावायला लागले, न सांगता.

वर्षाने समितीपुढे मी सह्या नेल्या नाहीत. प्रोजेक्टसाठी कुणी काय मागितलं, काय मिळालं, काय मिळालं नाही, याची साधी वही नेली. न मिळालेल्याची पानं मुद्दाम वर ठेवली. वाद झालाच. लॅब हवीच होती, आणि हवी यात मलाही शंका नव्हती. शेवटी पार्टिशन रद्द झालं आणि कॉम्प्युटर लायब्ररीच्याच हॉलमध्ये एका भिंतीला लागले. एमपीएससीवाल्यांच्या काही खुर्च्या त्यात गेल्या, त्यांना दुपारनंतर एक वर्गखोली उघडून देतो. त्यांच्या मते तिथला पंखा हळू फिरतो. तक्रार रास्त आहे, मेंटेनन्सकडे दिली आहे.

लायब्ररीतली परिचरांची रिकामी पदं अजून भरलेली नाहीत. तेलुगूची साठेक पुस्तकं नोंदीवाचून पडलीत, आजोबा गड्ड्याची जत्रा झाली की येतो म्हणालेत.

सध्या प्राध्यापकांशी माझा वाद चालू आहे तो मुलांच्या प्रोजेक्ट अहवालांवरून. पूर्वी ते गुण भरून झाले की रद्दीत जायचे. मी त्यांना दाखल क्रमांक देऊन 'सोलापूर'च्या कपाटात लावायचं म्हणते. प्राध्यापक म्हणतात, पुढची बॅच जसंच्या तसं उतरवेल. उतरवेल, मान्य. पण मग तपासणाऱ्याने आधीचा अहवाल वाचलेला असला पाहिजे, आणि तो वाचायचा तर कुठेतरी असला पाहिजे. तूर्तास तोडगा असा की अहवाल काउंटरमागे कुलपात आहेत आणि मागेल त्याला तिथेच बसून वाचायला देते.