यंत्र ठीक होतं, मासे निघून गेले होते

नागपूरच्या मिहानमधल्या ज्या कंपनीत मी रात्रपाळीला अमेरिकेतल्या ग्राहकांचे फोन घेतो, तिथे हिवाळ्यात एकच तक्रार सारखी येते: सोनार बंद पडलं. हे मासे शोधायचं यंत्र. तिकडे उत्तरेला तळी गोठली की लोक गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात, यंत्राचा सेन्सर त्यातून पाण्यात सोडतात आणि गोल तबकडीवरच्या रंगीत रेघा बघत गरी खालीवर करत बसतात. प्रतिध्वनी कमजोर असेल तर रेघ हिरवी, जोरकस असेल तर लाल. ब्लूगिल, क्रॅपी, पर्च असे तव्यात मावणारे मासे त्यांना हवे असतात.

फेब्रुवारी सरत आला होता. आमच्याकडे पहाटेचे साडेतीन, मिनेसोटात दुपारचे चार. फोनवर एक निवृत्त शिक्षक होते, सोबत त्यांचा नातू. डिसेंबरात याच जागेवर बादली भरली होती, आज सकाळपासून माशाची एक रेघ नाही. पोरगं उद्या आपल्या घरी परत जाणार. यंत्र बदलून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

बदलीचा अर्ज भरायला पाच मिनिटं लागतात. पण त्या अर्जाने त्या पोराच्या हाती मासा लागणार नव्हता. मी त्यांना गरी हळूहळू खाली सोडायला सांगितली. बारीक हिरवी रेघ खाली जाताना दिसते का? दिसली. तळाची जाड लाल पट्टी? तीही होती. हरभऱ्याएवढी गरी जे यंत्र दाखवतंय, ते मासा लपवणार नाही.

मग खोली विचारली. आठ फूट, खाली पाणवनस्पती. गरीला कधी त्यातलं काही अडकून येतं का? येतं म्हणाले. रंग कोणता?

तपकिरी. हाताला बुळबुळीत.

इथे मला उत्तर मिळालं. हिवाळ्याच्या सुरुवातीला ही झाडं हिरवी असतात, पाण्याला ऑक्सिजन देतात, त्यांच्या आडोशाला किडे असतात आणि किड्यांसाठी ब्लूगिल. पुढे बर्फावर हिमाचा थर साचतो, उजेड आत पोचत नाही, झाडं मरतात. कुजताना तीच झाडं ऑक्सिजन खातात. मासे उथळ पाणी सोडतात आणि खोल भागाकडे सरकतात. तळाच्या चिखलातही कुजणं चालूच असतं, म्हणून तिथे ते बरेचदा तळ सोडून मधल्या पाण्यात तरंगत राहतात. डिसेंबरची जागा फेब्रुवारीत रिकामी असणं ही यंत्राची खराबी नाही, तळ्याचं रोजचं चालणं आहे.

मी रामटेककडच्या ढिवरांच्या घरातला. माझे आबाजी खिंडसीच्या काठावर गरी टाकायचे. त्यांच्याजवळ सोनार कुठलं असणार? ते बुडबुडे बघायचे, कारण मृगळ चिखल उकरतात तेव्हा वर बुडबुडे येतात. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "बुडबुडे नाही दिसले तं सरक. दिसले अन् मासोळी लागत नाही, तं जागा नको बदलू, चारा बदल." गोठलेल्या तळ्यावर एका भोकाशी किती वेळ बसायचं, याचं मला याहून चांगलं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी उठणारे लोक मी फोनवर ऐकतो. ते कधी रिकाम्या भोकावर वीस मिनिटं घालवतात, तर कधी मासे खाली असताना उठतात.

त्यांना दुसरी गोष्टही समजावली. सेन्सरच्या ध्वनीचा झोत वीस अंशांचा असेल, तर आठ फुटांवर जेमतेम तीन फुटांचं वर्तुळ दिसतं. त्याच्या बाहेर मासा असला तरी तबकडी कोरीच राहणार. म्हणून खोल भागाकडे जाताना ओळीने भोकं आधीच पाडून घ्या, म्हणजे गिरमिटाचा आवाज एकदाच होईल. मग परत येऊन प्रत्येकात सेन्सर सोडा. मिनिट-दोन मिनिटांत रेघ आली नाही तर पुढचं भोक.

पाठीमागे टीम लीडर येऊन उभे होते, फोन लांबला होता. "सर, थोडा वेळ द्या," म्हटलं. ते काही न बोलता परत गेले. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. शिक्षकांना दीड तासाने मीच फोन करतो, असं सांगून फोन ठेवला.

सव्वापाचला लावला तेव्हा तिकडे सूर्य टेकला होता. चोवीस फूट पाण्यावरच्या एका भोकात पंधरा फुटांवर रेघा होत्या, पण मासे गरी तोंडात घेत नव्हते. आजोबा उठायच्या बेतात. मी जवळजवळ ओरडलोच, "आता अजिबात उठू नका!" सर्वांत लहान गरी बांधा, एकच अळी लावा आणि ती माशांच्या फूटभर वर धरून ठेवा. हे क्रॅपी असणार. क्रॅपीची नजर वरच्या बाजूला असते, खालून गेलेलं त्याला सहसा दिसत नाही.

फोन बर्फावर ठेवल्याचा आवाज आला. मग पोराची किंकाळी, आजोबांचं "हळू, हळू", पुन्हा किंकाळी. मी हेडफोन कानाशी दाबून धरला होता.

आजोबांनी फोन उचलला तेव्हा त्यांना धाप लागली होती. यंत्राचा विषय त्यांनी काढलाच नाही. रेघा गेल्या, आता इथे किती वेळ थांबू, हे विचारलं. मी म्हटलं, क्रॅपीचा थवा फिरता असतो, या वेळेला परत येतो, तेव्हा पंधरा मिनिटं द्या. नाही आला तर शेजारचं भोक बघा. आणि ब्लूगिल असता तर? तर पाचच, मग दोन भोकं पुढे सरका. मला सगळं पुन्हा सांगायला लावलं, या वेळी सावकाश, कारण नातू पाठ करत होता.