तुम्ही विचारलंत म्हणून : नखे खाणारे लेकरू

"बाई, लेकरू सारखं नखं खायलंय, काय करावं?" सोलापूरच्या पूर्व भागात बालवाडी शिकवताना शाळा सुटण्याच्या वेळी दारात थांबलेल्या आयांनी हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला आहे, तितका दुसरा कुठलाच विचारलेला नाही. उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमीच अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. थोडक्यात सांगायचे तर, मूल नखे का खाते यावर डोके शिणवण्याआधी ते नखे केव्हा खाते हे आठवडाभर, काही न बोलता, पाहावे. उपाय बहुतेक वेळा त्या पाहण्यातूनच हाती लागतो.

आधी मनातली भीती बाजूला ठेवू या. ही सवय साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर दिसू लागते, शाळेच्या वयात ती पुष्कळ मुलांमध्ये आढळते आणि मोठेपणी अनेकांची आपोआप सुटते. घरातली वडीलधारी माणसे तिला अवलक्षण म्हणतात आणि शेजारीपाजारी कॅल्शियम कमी पडल्याचे निदान करून मोकळे होतात. पण कॅल्शियमच्या बाटल्या संपवल्याने ही सवय सुटलेली मी पाहिलेली नाही आणि मुलाची नखे आखूड दिसली म्हणून आईच्या संगोपनात खोट काढण्याचेही काही कारण नाही. गिळलेला नखाचा कपटा पोटात पचत नाही, तो शौचावाटे बाहेर पडतो. मात्र एक गोष्ट घराने प्रामाणिकपणे पाहावी. क्रिकेटचा सामना रंगात आला की वडिलांची बोटे तोंडात जात असतील, तर मुलाला एकट्याला समजावण्यात अर्थ नाही.

आता 'केव्हा'कडे येते. एखादे मूल टीव्ही किंवा मोबाइल पाहताना नखे खाते, एखादे झोप येण्यापूर्वी, एखादे घरात अनोळखी पाहुणे आले की, तर एखादे आई रागाने बोलू लागली की. माझ्या वर्गातली एक मुलगी फक्त गोष्ट ऐकताना नखे खात असे, आणि तिच्याकडे जवळून पाहिले तेव्हा तिचे बोट थेट तोंडात जात नाही हे लक्षात आले. गोष्टीतला वाघ झाडाजवळ येऊ लागला की तिचा अंगठा शेजारच्या बोटांच्या नखांच्या कडांवरून एकेक करत फिरायचा, कुठेतरी खरखरीत कोर सापडली की तेथेच थांबायचा, आणि त्यानंतरच ते बोट दातांकडे जायचे. तोंडात बोट गेल्यावर "काढ!" असे ओरडणारे आपण सगळे फार उशिरा पोहोचतो. अंगठा कोर शोधत असतो तेवढ्या अवधीत काहीतरी करता आले पाहिजे.

त्यातले पहिले काम म्हणजे ती कोरच ठेवायची नाही. आंघोळीनंतर नखे मऊ असताना नेलकटरने ती आखूड कापावीत आणि कापल्यावर कानशीने कडा गुळगुळीत घासून घ्याव्यात, कारण नुसत्या कापलेल्या नखाची कड मुलाच्या अंगठ्याला पुन्हा खुणावते. शनिवारी नखे कापू नयेत आणि दिवेलागणीनंतर तर मुळीच नाही, हे आपल्याकडे घरोघरी पाळले जाते. ज्यांना ते पाळायचे आहे त्यांनी कापण्यापुरते जरूर पाळावे, पण एखादे नख अर्धवट तुटून लोंबत असेल तर रविवारची वाट पाहू नये. सोलापूरच्या कोरड्या हवेत नखांशेजारची कातडीही सुटते, आणि ती ओढता ओढताच कित्येक मुले नखांपर्यंत पोहोचतात. रात्री निजताना बोटांच्या टोकांना खोबरेल तेल चोळून द्यावे. शक्यतो मुलालाच चोळू द्यावे. आपल्या बोटांकडे मायेने पाहण्याची त्याची ती पहिली वेळ असू शकते.

दुसरे काम हाताला काम देण्याचे. 1973 साली अझ्रिन आणि नन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा सवयी मोडण्याची एक पद्धत मांडली, आणि नखे खाण्याच्या सवयीसाठी ती आजही वापरली जाते. सवयीची पहिली चाहूल माणसाने स्वतः ओळखायची आणि त्याच क्षणी, तीच बोटे गुंतून राहतील असे दुसरे काही थोडा वेळ करायचे, असा तिचा गाभा आहे. मोठी माणसे मूठ घट्ट मिटून धरतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला मूठ मिटून दहापर्यंत मोजायला शिकवता येते, पण या वयात हातात खरीखुरी वस्तू असलेली बरी. आपल्या गावात यासाठी बाजारात जावे लागत नाही. जुन्या सोलापुरी टॉवेलचा तळहाताएवढा तुकडा कापून त्याच्या कडा शिवून घ्याव्यात. त्या कापडावरचे सुताचे उभे फास बोटांना असे काही गुंतवतात की गोष्ट संपेपर्यंत अंगठा तेथेच फिरत राहतो. त्या मुलीच्या मांडीवर मी असाच तुकडा ठेवू लागले आणि गोष्टीच्या वेळेपुरती तिची बोटे तोंडापासून दूर राहू लागली. टीव्हीसमोर बसणाऱ्या मुलापुढे मेथीची जुडी निवडायला ठेवावी किंवा ओल्या मातीचा गोळा द्यावा. झोपेआधी नखे खाणाऱ्याचा हात हातात घेऊन पडावे. वेळ वेगळी, तसा उपाय वेगळा.

मिरचीबद्दल मला फार कळकळीने सांगायचे आहे. बोटांना मिरचीचे पाणी लावण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, आणि लहान मूल तेच बोट डोळ्याला लावते. कृपा करून हे कोणीही करू नये. कडुलिंबाचा रस किंवा कारले त्या मानाने निरुपद्रवी असले, तरी हात धुतला की ते निघून जाते आणि मनात शिक्षा तेवढी उरते. औषधाच्या दुकानात नखांना लावायचा एक कडू द्राव मिळतो, त्यात बहुधा डिनॅटोनियम बेंझोएट हे अतिशय कडू रसायन असते. स्वतःहून सवय सोडू पाहणाऱ्या मोठ्या मुलाला डॉक्टरांना विचारून तो देता येईल, परंतु आपण भाकरी हाताने मोडून, चटणी-कालवण बोटांनी लावून जेवणारी माणसे आहोत. तो कडवटपणा घासागणिक तोंडात जातो, आणि नखांऐवजी मूल जेवणच सोडते.

रागावण्याचेही तसेच आहे. रागावल्याने मूल नखे खायचे थांबत नाही, ते दाराआड जाऊन खाते, आणि मग आपल्याला वेळही दिसत नाही. चारचौघांत बोट ओढून काढण्यापेक्षा आई आणि मूल या दोघांतच एक खूण ठरवावी, खांद्यावर हलकेच हात ठेवला की मूठ मिटायची, एवढी साधी. बक्षीस द्यायचे तर ते आजचे आजच द्यावे. "नखं वाढू दे, मग गड्ड्याला पाळण्यात बसवीन" (गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी आमच्या सिद्धेश्वराची यात्रा) असे दिवाळीत दिलेले वचन चार वर्षांच्या मुलाला पेलत नाही. त्याला संक्रांत किती लांब आहे हेच कळत नाही, आणि नखे वाढली नाहीत म्हणून सिद्धेश्वराची यात्रा हुकली तर शिल्लक राहते ते फक्त दुःख. आज गोष्टीच्या वेळी बोट तोंडात गेले नाही, तर आज रात्री एक गोष्ट जास्त, हे त्याला नीट समजते.

स्वच्छतेचा भाग थोडक्यात सांगते, पण तो हलका नाही. नखांखालून जंतांची अंडी पोटात जातात. रात्री गुदद्वाराशी खाज सुटणे हे बारीक सुतासारख्या कृमींचे नेहमीचे लक्षण आहे. मूल तेथे खाजवते, तेच बोट तोंडात घालते आणि चक्र चालू राहते. अशा वेळी डॉक्टर बहुधा घरातल्या सर्वांनाच औषध देतात. 2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या वेळी अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, ती चुकवू नये. आमच्या भागातल्या घरांसाठी आणखी एक सांगणे आहे. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते आणि लेकरू शेजारीच खेळत असते. तंबाखूची पूड त्याच्या बोटांना लागते आणि नखांबरोबर तोंडात जाते. सुपाजवळून उठलेल्या मुलाचे हात प्रत्येक वेळी साबणाने धुतलेच पाहिजेत, आणि जमेल तेथे त्याची खेळण्याची जागा सुपापासून दूर ठेवावी.

नखाची कड लाल होऊन सुजली, ठणकू लागली किंवा पू दिसला तर ते नखुरडे आहे, घरगुती लेप न लावता दवाखाना गाठावा. नखे मुळापर्यंत खाल्ली जाऊन वरचेवर रक्त येत असेल, मूल सोबत केसही उपटत असेल, किंवा ही सवय अचानक सुरू होऊन त्याच सुमारास झोप बिघडली असेल, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घरात, शाळेत किंवा वाटेत काय घडले आहे याची मुलाकडे हळुवार चौकशी करावी.

किती दिवस लागतील, हे पुढचे विचारणे ठरलेलेच असते. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात डोळ्यांना फारसे काही दिसणार नाही. दहाही बोटांची अपेक्षा एकदम धरू नये. आधी एक बोट राखायचे ठरवावे, आणि ते कोणते हे मुलाने निवडावे. सुटलेली सवय ताप येऊन गेल्यावर, नवीन शाळेत गेल्यावर किंवा घरात तान्हे बाळ आल्यावर पुन्हा उगवते. तेव्हा या खेपेला बोट केव्हा तोंडात जाते, ते पुन्हा आठवडाभर पाहावे; बहुधा वेळ बदललेली असते, आणि टॉवेलचा तुकडाही त्या नव्या वेळी हाताशी ठेवावा लागतो.